डोक्यासाठी की दंडासाठी?

आमच्या घरी माळ्यावर एक हेल्मेट पडून आहे. काळे, चकचकीत, समोर काच असलेले. त्यावर एक ओरखडाही नाही. ते कोणी वापरत नाही आणि टाकूनही देववत नाही. दोन वर्षांपूर्वी एका शनिवारी संध्याकाळी माझा दादा जामसावळीच्या मारुतीचे दर्शन घेऊन परत येत होता. फाट्याजवळ एक वासरू आडवे आले. दादाने ब्रेक दाबला, गाडी घसरली. वेग फार नव्हता. डोक्यावर हेल्मेट होते. पण दादाचे डोके डांबराला लागण्यापूर्वीच ते डोक्यावरून निघाले आणि बाजूच्या नालीत जाऊन पडले. दुसऱ्या दिवशी कोणीतरी ते घरी आणून दिले. जसे विकत घेतले होते तसेच्या तसे, कोरे करकरीत.

पुढे दादा नागपूरला तीन आठवडे दवाखान्यात होता. तो वाचला. त्याच्याविषयी शेवटी सांगेन. आधी त्या हेल्मेटविषयी बोलावयाचे आहे. कारण तसली हेल्मेटे मला रोज आपल्या महाविद्यालयाच्या सायकल-स्टँडवरही दिसतात.

मी सौंसरची. इकडे सीमाभागात शिकायला आले तेव्हा पुष्कळांनी विचारले, "सौंसर म्हणजे नेमके कुठे?" सातपुड्याच्या पायथ्याशी, नागपूर-छिंदवाडा रस्त्यावरचे हे गाव. राज्य मध्य प्रदेश. घरातली भाषा मराठी. पूर्वी आमचा जिल्हा छिंदवाडा होता, २०२३ च्या ऑक्टोबरपासून पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला. इकडे मराठीच्या शेजारी कानडी नांदते, तशी आमच्याकडे हिंदी नांदते. तेव्हा सीमेवर राहणे म्हणजे काय, हे मला नवे नाही आणि तुम्हांलाही नाही.

सीमेवरच्या माणसाची एक सवय मात्र दोन्हीकडे सारखीच दिसली. सौंसरहून सावनेरमार्गे नागपूरला निघालेला मोटारसायकलवाला साठ-सत्तर किलोमीटर उघड्या डोक्याने जातो. हेल्मेट कोपरात अडकवलेले किंवा आरशावर टांगलेले. नागपूरचे पहिले सिग्नल जवळ आले की तो गाडी बाजूला घेतो, हेल्मेट डोक्यावर ठेवतो (घालतो असे मी म्हणत नाही) आणि शहरात शिरतो. परतताना त्याच जागी ते पुन्हा कोपरात जाते. जणू काय कोपरालाच मेंदू आहे! इकडे आल्यावर पाहिले तर सीमेच्या अलीकडे-पलीकडे हाच खेळ. कर्नाटकाने २०१६ च्या जानेवारीत मागे बसणाऱ्यासही हेल्मेट सक्तीचे केले, म्हणून सीमा ओलांडताना मागच्याच्याही डोक्यावर काहीतरी चढते, आणि परत आले की उतरते.

वस्तुतः कायदा सीमेवर बदलत नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे १२९ वे कलम साऱ्या देशाला एकच आहे. ते चालवणाऱ्याला लागू आहे, तसेच मागे बसणाऱ्यालाही. त्यात नुसते हेल्मेट घाला असे म्हटलेले नाही. ते पट्ट्याने डोक्यावर नीट बांधलेले असले पाहिजे, असे म्हटले आहे. सीमा ओलांडली की पोलीस बदलतो, कायदा बदलत नाही. आणि डांबर तर मुळीच बदलत नाही.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. आपण हेल्मेट डोक्यासाठी घेत नाही, दंडासाठी घेतो. म्हणून दंड टाळण्यापुरते जे स्वस्तात स्वस्त मिळते ते घेतो. वहाण घेताना चार जोड पायात घालून पाहणारा माणूस हेल्मेट घेताना डोक्यात घालूनही पाहत नाही. आणि मग ते उकडते, टोचते, हलते, म्हणून कोपरात जाते. दोष हेल्मेटच्या कल्पनेचा नाही. दोष निवडीचा आहे.

दादाचे हेल्मेट असेच निवडलेले होते. नागपूरच्या वाटेवर रस्त्याच्या कडेला दोरीला टांगून ठेवलेल्या माळेतून दोनशे रुपयांत घेतलेले. पुढे चौकात पोलीस उभे आहेत असे कोणी सांगितले, म्हणून गाडी थांबवून दोन मिनिटांत केलेली खरेदी. ते त्याच्या डोक्याला मोठे होत होते. पट्ट्याचे बक्कल पहिल्याच महिन्यात तुटले. तेव्हापासून ते नुसते ठेवलेलेच असे. पोलिसाने त्याला एकदाही हटकले नाही. ज्या कामासाठी ते घेतले होते ते काम त्याने अगदी चोख बजावले.

हेल्मेट डोके वाचवते म्हणजे नेमके काय करते, हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक असते? वरचे कठीण कवच पाहून आपल्याला वाटते, तेच काय ते संरक्षण. खरे काम आतल्या थराचे असते. थर्माकोलच्या जातीचा, बोटभर जाडीचा, कडक असा तो थर. आपल्या अकरावीच्या भौतिकशास्त्रातले एक साधे गणित करून पाहा. उभ्या माणसाचे डोके जमिनीपासून दीड मीटर उंच आहे असे धरा. तेवढ्या उंचीवरून नुसते खाली पडले तरी जमिनीला टेकताना वेग ताशी १९-२० किलोमीटर होतो. हा वेग कोठेतरी शून्य व्हायचाच. उघडी कवटी डांबरावर आपटून तो दोन मिलिमीटरमध्ये शून्य झाला, तर डोक्याला बसणारा हिसका गुरुत्वत्वरणाच्या सुमारे साडेसातशे पट होतो. तोच वेग थर्माकोलचा थर चिरडत दोन सेंटिमीटरमध्ये शून्य झाला, तर पंचाहत्तर पट. पडण्याची उंची भागिले थांबण्याचे अंतर, एवढेच हे गणित. मध्ये मिळालेले दोन सेंटिमीटर म्हणजे हेल्मेट.

आता यावरून निवडीचे नियम आपोआप निघतात. रस्त्यावरच्या स्वस्त टोपात आत थर्माकोल नसतो, स्पंज असतो. बोटाने दाबला की दबतो, सोडला की वर येतो. बसायला तो उशीसारखा मऊ वाटतो, पण डोके त्याच्यावर आपटले की क्षणात दबून पार तळाला जातो आणि मार जसाच्या तसा कवटीला पोहोचतो. म्हणून घेताना आतले कापड बाजूला सारून कडक थर आहे की नाही हे बघावे. एकदा जोरात आपटलेले हेल्मेट वरून धड दिसले तरी बदलावे, कारण तो थर एकदाच चिरडतो. पुन्हा फुगत नाही. आणि बांधकामावरची पिवळी टोपी घालून जे गाडी चालवतात, त्यांना एवढेच सांगायचे, की ती टोपी वरून पडणाऱ्या विटेसाठी आहे. रस्त्यावर आपण विटेसारखे पडतो, वीट आपल्यावर पडत नाही.

मापाचे म्हणाल तर शिंप्याची टेप घ्यावी, भुवयांच्या बोटभर वरून डोक्याभोवती फिरवावी आणि त्या मापाचे हेल्मेट मागावे. नवे हेल्मेट किंचित घट्टच बसले पाहिजे. गालाची कातडी त्याच्याबरोबर हलली पाहिजे. पट्टा बांधून मागच्या काठाला हात घालावा आणि ते पुढे उलथवून पाहावे. निघाले, तर ते आपले नव्हे, मग रंग कितीही आवडलेला असो. दादाच्या हेल्मेटची ही परीक्षा कोणी दुकानात घेतली असती तर अर्ध्या मिनिटात कळले असते. आमच्याकडे ती परीक्षा वासराने घेतली.

शिक्क्याचेही सांगितले पाहिजे. दुचाकीच्या हेल्मेटांसाठी भारतीय मानक आहे. त्याचा क्रमांक आयएस ४१५१. त्यात हेल्मेट ऐरणीवर आपटून पाहतात, पट्टा ओढून पाहतात. १ जून २०२१ पासून या मानकाचा शिक्का नसलेले हेल्मेट बनवणे व विकणे हाच गुन्हा ठरला आहे. तरी रस्त्याच्या कडेच्या माळा काही ओस पडल्या नाहीत, कारण नुसते 'आयएसआय' हे अक्षर छापायला काय लागते? खऱ्या शिक्क्यासोबत परवान्याचा क्रमांक असतो. भारतीय मानक ब्यूरोच्या 'बीआयएस केअर' या मोबाईलवरील सोयीत तो घालून पाहिला की उत्पादकाचे नाव समोर येते. दिवसातून चार तास मोबाईल पाहणाऱ्या आपल्या पिढीने एक मिनिट यासाठी द्यावे, एवढी अपेक्षा फार नसावी.

आता आक्षेपांकडे वळते. ते सगळेच खोटे आहेत असे मी मानत नाही.

पहिला आक्षेप उन्हाचा. हा आक्षेप घेणाऱ्याला हसणाऱ्याने मे महिन्यात एकदा सौंसरला यावे. पारा ४५ अंशांना टेकलेला, रस्त्यावर कुत्रेसुद्धा दिसत नाही, लू लागू नये म्हणून म्हातारी माणसे खिशात कांदा ठेवतात. अशा वेळी बंद काळे हेल्मेट म्हणजे डोक्यावर उपडी घातलेली तापली कढईच. पुण्यात २०१९ च्या जानेवारीत हेल्मेटसक्तीविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा पुष्कळांनी त्यांची चेष्टा केली. चेष्टा करून घाम वाळत नाही. परंतु उन्हावर उपाय उघडे डोके हा नव्हे. आपल्या आजोबांनी विदर्भाच्या उन्हात डोके कधीच उघडे टाकले नाही. ते पागोटे किंवा दुपट्टा बांधत. ऊन आहे म्हणून डोके झाकायचे, ही आपली जुनी रीत आहे. तेव्हा प्रश्न झाकावे की नाही असा नाहीच. काय निवडावे असा आहे. काळ्याऐवजी पांढरे किंवा फिक्या रंगाचे घ्यावे. पुढे हवा आत घेणारी आणि मागे बाहेर सोडणारी भोके खरोखर आरपार आहेत की नुसती नक्षी आहे, हे फुंकर मारून पाहावे. आतले अस्तर काढून धुता येणारे असावे. आत सुती पातळ टोपी घालावी. घाम ती पिते आणि रोज धुता येते.

हा विचार केवळ माझ्या डोक्यातून निघालेला नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या रस्तासुरक्षा समितीच्या सांगण्यावरून देशाच्या हवामानास साजेशा हलक्या हेल्मेटांचा विचार करण्यासाठी एक समिती नेमली गेली होती. तीत दिल्लीच्या एम्सचे डॉक्टर आणि मानक ब्यूरोचे तज्ज्ञ होते. २०१८ च्या मार्चमध्ये तिने हलक्या हेल्मेटांची शिफारस केली. म्हणजे उकाड्याची तक्रार दिल्लीपर्यंत पोहोचली आहे. पोहोचली नाही ती आपल्या गावच्या दुकानापर्यंत. आपण मागत नाही, म्हणून दुकानदार ठेवत नाही.

दुसरा आक्षेप असा, की हेल्मेटात ऐकू येत नाही, बाजूचे दिसत नाही. याचे उत्तर फार पूर्वीच मिळालेले आहे. अमेरिकेत हॅरी हर्ट या संशोधकाने लॉस एंजेलिस भागातल्या ९०० मोटारसायकल अपघातांच्या जागी जाऊन तपास केला आणि १९८१ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. हेल्मेटमुळे रहदारीचे महत्त्वाचे आवाज ऐकू येईनासे होतात किंवा अपघातापूर्वीची दृष्टी अडते, असे त्यांना आढळले नाही. तेव्हा "मला हॉर्न ऐकू येत नाही" म्हणणाऱ्या मित्रांनी आधी कानातली गाण्याची बटणे काढावीत आणि मग हेल्मेटला बोल लावावा.

तिसरा आक्षेप आमच्या भागातला खास. पांढुर्ण्याची गोटमार तुम्ही ऐकली असेल. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवतात, त्याला झेंडा असतो, आणि पांढुर्णा व सावरगाव अशा दोन काठांवरून दगडांचा वर्षाव होतो. दरवर्षी माणसे जखमी होतात. प्राणही गेलेले आहेत. म्हणून आमच्याकडे हेल्मेट घालणाऱ्या पोराला हमखास टोमणा बसतो, "काऊन बे, गोटमारीच्या मुलखातला अन् डोक्यावर मडकं?" यात मर्दानगीचा भाग किती आणि सवयीचा किती, हे मला ठाऊक नाही. पण एक सांगते. इतिहासकार म्हणतात, १६५९ च्या नोव्हेंबरात प्रतापगडाखाली अफझलखानाच्या भेटीला जाताना शिवाजी महाराजांनी अंगरख्याच्या आत चिलखत आणि मंदिलाखाली लोखंडी शिरस्त्राण घातले होते. 'जिरेटोप' या शब्दातला 'जिरे' फोडणीतला नव्हे. फारसीत 'झिरह' म्हणजे चिलखत. दसऱ्याच्या मिरवणुकीत तो टोप पाहून जयजयकार करणाऱ्यांनी स्वतःच्या डोक्यावर टोप घालायला लाजावे, हे मला तरी समजत नाही.

हेल्मेटानंतर गॉगल. आपण गॉगल छायाचित्रासाठी घेतो. तो वाऱ्यासाठी आणि धुळीसाठी घ्यायला हवा. संध्याकाळी बागांच्या कडेने गाडी चालवताना डोळ्यात चिलट जाते, हा अनुभव प्रत्येकाला असेल. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला जवळजवळ १४ मीटर जाते. डोळा चोळण्यात दोन सेकंद गेली तर २८ मीटर आपण आंधळे असतो. एवढ्या अंतरात एक बैलगाडी, एक शाळकरी मुलगी, एक खड्डा सहज मावतो. हर्ट यांच्या त्याच अहवालात असे आहे, की अपघातात सापडलेल्या ७३ टक्के चालकांच्या डोळ्यांवर कसलेच आवरण नव्हते. उघड्या डोळ्यांना लागणाऱ्या वाऱ्यामुळे धोका उशिरा दिसला असावा, असा त्यांचा कयास होता.

चष्म्याची काच न फुटणाऱ्या प्लास्टिकची असावी. साधी काच फुटून डोळ्यातच जाते. नुसता काळा रंग अतिनील किरण अडवतोच असे नाही; उलट काळोखात बाहुली मोठी होते आणि किरण अधिक आत जातात. म्हणून अतिनील किरण अडवणारीच काच मागावी. आणि दिवसाचा काळा गॉगल सूर्य मावळल्यावर खिशात गेला पाहिजे. सिल्लेवानीच्या घाटात तिन्हीसांजेला काळी काच लावून उतरणारी पोरे मी पाहिली आहेत. हेल्मेटच्या पुढच्या काचेलाही हेच लागू. ती पारदर्शक असावी आणि ओरखडे पडले की बदलावी, कारण रात्री समोरच्या ट्रकचा उजेड प्रत्येक ओरखड्यावर फुटतो आणि रस्ता दिसेनासा होतो. कोरड्या फडक्याने धूळ घासून आपणच ते ओरखडे पाडतो; आधी पाणी, मग फडके.

राहिले तोंडावरचे आवरण. या बाबतीत आम्हां मुलींची फार चेष्टा होते. डोळे तेवढे उघडे ठेवून सारा चेहरा ओढणीत गुंडाळलेल्या मुलींना कोणी डाकू म्हणते, कोणी आणखी काही. त्या ओढणीत ऊन-धुळीपासून बचाव आहे, तसा नजरांपासूनही आहे. ज्यांना त्या नजरा कधी झेलाव्या लागल्या नाहीत त्यांनी हसू नये. परंतु माझ्या मैत्रिणींना मी स्पष्टच सांगते: ओढणी बांधण्याची आपली रीत धोक्याची आहे. मागे जाड गाठ मारून वर हेल्मेट घातले की ते डोक्यावर बसत नाही, तरंगते. अंबाडा किंवा वर बांधलेले केस असले तरी तेच. आणि मागे सुटलेले टोक? इझाडोरा डंकन ही जगप्रसिद्ध नर्तकी १९२७ मध्ये फ्रान्समधील नीस येथे मोटारीतून जात असताना तिच्या गळ्यातला लांब रुमाल चाकात गुंतला आणि ती तिथेच गेली. आपल्या रस्त्यांवर तर ओढणी, पदर आणि चाक यांचे वैर रोजचेच आहे. म्हणून वेणी मानेशी खाली सैल घालावी, तोंडाला पातळ सुती कापड बिनगाठीचे आणि दोन्ही टोके कपड्याच्या आत खोचलेली. त्याहून बरी ती डोक्यापासून गळ्यापर्यंत येणारी शिवलेली सुती टोपी; ती कोणताही शिंपी शिवून देईल. आणि कापड बारीक धूर-धूळ अडवत नाही, हे कोरोनाच्या साथीने आपल्याला शिकवले आहेच. ट्रकच्या रांगेमागून रोज जावे लागणाऱ्याने चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-९५ वापरावा.

कधी कधी वाटते, हे सारे आपल्याला कोणी शिकवायला का लागावे? कॅनडासारख्या बर्फाच्या मुलखात लोक बर्फावरून धावणाऱ्या मोटारगाड्या चालवतात. त्यांची हेल्मेटे पाहिली तर समोर दुहेरी काच असते, कारण एकेरी काचेवर श्वास गोठतो. नाकापुढे श्वास खाली वळवणारा पडदा असतो. डोळ्यांना बर्फावरून उलटणाऱ्या उन्हापासून जपणारा गॉगल असतो. मोटार जन्मण्यापूर्वी कितीतरी शतके तिथल्या इन्युइट लोकांनी हाडाचे व लाकडाचे, मध्ये बारीक फट ठेवलेले चष्मे बनवले होते. त्यांनी त्यांचा बर्फ ओळखला आणि त्याला साजेसे साधन केले. आपण आपले ऊन ओळखतो; त्यासाठी पागोटे केले, दुपट्टा केला. गाडी मात्र आपण बाहेरून घेतली आणि तिच्याबरोबरचे डोक्याचे साधन 'त्यांचे' म्हणून परके ठेवले. आमच्याकडची नागपूरची छोटी लाईन २०१५ च्या अखेरीस रुंदीकरणासाठी बंद झाली, तोवर मोटारसायकल घराघरात शिरली होती. संत्र्याचे कॅरेट तिच्यावर, दुधाचे कॅन तिच्यावर, बाळंतीण तिच्यावर. दसऱ्याला तिला झेंडूचा हार घालतो. लग्नात जावयाला ती देतो (ही रीत वाईटच). पण तिच्यासोबत एक चांगले हेल्मेट द्यावे, हे ना सासऱ्याला सुचते ना जावयाला.

ज्यांना आकड्यांवाचून पटत नाही त्यांच्यासाठी एकच आकडा देते. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात हेल्मेट न घातलेले ५०,०२९ दुचाकीस्वार दगावले. त्यांपैकी ३५,६९२ चालवणारे होते आणि १४,३३७ मागे बसलेले. मागे बसलेले म्हणजे कोण? आई, बहीण, बायको, शाळेत जाणारे पोर. चालवणारा हेल्मेट घालतो आणि मागे बसलेली आई उघड्या डोक्याने बसते, कारण चालान चालवणाऱ्याचे फाटते असा समज. चार वर्षांखालील मुलालाही हेल्मेट आणि चालवणाऱ्याशी जोडणारा पट्टा हवा, असा नियम २०२३ च्या फेब्रुवारीपासून लागू झाला आहे. तो पाळलेला मी अजून पाहिला नाही. दुसऱ्या बाजूस, जगभरच्या अभ्यासांचा २००८ मध्ये घेतलेला आढावा सांगतो, की हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा ६९ टक्क्यांनी कमी होतो.

हे शहाणपण जगालाही सहज आलेले नाही. 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून गाजलेले टी. ई. लॉरेन्स १९३५ च्या मे महिन्यात इंग्लंडमध्ये मोटारसायकलवरून जाताना दोन सायकलस्वार मुलांना चुकवायला गेले आणि पडले. डोक्यावर काही नव्हते. सहा दिवसांनी ते गेले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यचिकित्सक होते. हा एक मृत्यू त्यांनी विसरला नाही. त्यांनी मोटारसायकलवरून निरोप नेणाऱ्या सैनिकांच्या दुखापती गोळा केल्या, १९४१ मध्ये त्यावर लेख लिहिला, आणि त्याच वर्षी ब्रिटिश सैन्यात हेल्मेट सक्तीचे झाले. नागरिकांवर सक्ती व्हायला १९७३ साल उजाडले. एका डॉक्टरने एका मरणाचा अर्थ लावला म्हणून हे घडले. आपल्याकडे मरणे कमी आहेत का? अर्थ लावणारे कमी आहेत.

म्हणून आपल्या महाविद्यालयापुरत्या तीन गोष्टी सुचवते. पहिली, स्टँडवर हेल्मेट टांगायला कुलूप लावता येतील असे आकडे बसवावेत. ते वर्गात कुठे ठेवायचे आणि बाहेर ठेवले तर चोरी झाली तर काय, या एका अडचणीमुळे निम्मी मुले ते घरीच ठेवतात. दुसरी, राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलामुलींनी वर्षातून एक दिवस फाटकाशी शिंप्याची टेप घेऊन उभे राहावे. दंड नको, पावती नको. माप घ्यावे, पट्टा ओढून पाहावा, आतला थर दाबून पाहावा आणि मराठीत व कानडीत लिहिलेली चिठ्ठी हातात द्यावी. तिसरी सूचना करताना जरा भीती वाटते. आमच्या गुरुजनांनीही हेल्मेट घालून यावे. "शिर सलामत तो पगडी पचास" ही म्हण वर्गात सांगायची आणि स्टँडवरून उघड्या शिराने जायचे, हे बरे दिसत नाही. प्राध्यापकांनी राग मानू नये.

दादाचे राहिले. तो आता हिंडतो-फिरतो, शेत पाहतो, हसतोही. फक्त त्याला वास येत नाही. डॉक्टरांनी समजावले, की नाकातून मेंदूकडे जाणारे वासाचे तंतू कवटीच्या तळाच्या एका चाळणीसारख्या हाडातून जातात; डोक्याला जोराचा हिसका बसला की ते तुटतात, आणि बहुतेकदा पुन्हा जुळत नाहीत. गॅस सुटलेला त्याला कळत नाही, म्हणून आई त्याला स्वयंपाकघरात एकट्याला थांबू देत नाही. भाजी करपली तरी त्याला पत्ता नसतो.

यंदा जानेवारीच्या शेवटी मी घरी गेले होते. अंबिया बहार फुटला होता. संत्र्याच्या बागेत त्या दिवसांत जो वास दरवळतो तो ज्याने घेतला आहे त्याला सांगावा लागत नाही, आणि ज्याने घेतला नाही त्याला सांगता येत नाही. दादा झाडाखाली उभा होता. त्याने एक फांदी ओढून फुले नाकाशी धरली, थोडा वेळ तसाच उभा राहिला, मग मला म्हणाला, "सांग बरं, यंदा कसा आहे?"

मी सांगितले, चांगला आहे.

मित्रहो, दोनशे रुपयांचे ते हेल्मेट अजून माळ्यावर आहे. दंड आमच्या दादाने एकदाही भरला नाही.